नोकरी सांभाळून पोस्टग्रेसला हातभार: नवा पॅच लिहावा की दुसऱ्याचा तपासावा?

शून्यसूचक:
सी भाषेत हात बसलेला आहे, डेटाबेस रोजच्या वापरातला आहे आणि आठवड्याला चार-पाच तास निघू शकतात. पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या मुक्त डेटाबेसला हातभार लावायचाय. शोधायला गेलं की नवशिक्यांसाठीचेच सल्ले मिळतात: स्पेलिंग सुधारा, सोपा इश्यू उचला. इथे तर इश्यू ट्रॅकरच दिसत नाही आणि गिटहबवर पुल रिक्वेस्ट घेत नाहीत. मग दार नक्की कुठे आहे? अनुभवी माणसाने आत येऊन पहिल्या महिन्यात काय करावं? अनुभवकथन नको, कामाचं सांगा.
(कमांडसुद्धा देवनागरीतच लिहू या, म्हणजे कोणी न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवणार नाही.)

तिसरा_कंस:
दार ईमेलचं आहे. गिटहबवर दिसते ती नुसती प्रत. मूळ रेपॉझिटरी प्रकल्पाच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर असते. पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल, 'पीजीएसक्यूएल-हॅकर्स' या मेलिंग लिस्टवर फाइल जोडून पाठवायचा, चर्चा तिथेच होते, आणि पॅच हरवू नये म्हणून त्याची नोंद कमिटफेस्टच्या (पॅच तपासण्याच्या ठरलेल्या फेरीच्या) संकेतस्थळावर करायची.

कमिटफेस्ट वर्षात पाच: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. प्रत्येक महिनाभराचा. मार्चचा संपला की एप्रिलच्या सुरुवातीला फीचर फ्रीज, मेच्या सुमारास पहिला बीटा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी आवृत्ती. हे वेळापत्रक डोक्यात ठेवा. मार्चमध्ये पहिल्यांदाच मोठा पॅच घेऊन आलात तर 'पुढच्या वर्षी या' हेच उत्तर मिळेल. शेवटच्या फेरीत नवी मोठी कामं घेऊ नयेत असा तिथला दंडक आहे.

आता तुमच्या शीर्षकातला प्रश्न. पॅच मूळ कोडमध्ये घ्यायचा, म्हणजे कमिट करायचा, अधिकार असलेली माणसं जगभरात तीसेक, आणि एका कमिटफेस्टमध्ये नोंदी शेकड्यांनी. कोड लिहिणारे भरपूर आहेत. दुसऱ्याचा कोड नीट वाचून 'हा इथे फुटेल' असं सांगणारे कमी. म्हणून आधी तपासणी. तसाही तिथला नियम आहे की एक पॅच दिलात तर साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा एक तपासायचा. तुम्ही फक्त क्रम उलटा करायचा.

निवडताना 'नीड्स रिव्ह्यू' अवस्थेतला, रिव्ह्यूअरचा रकाना रिकामा असलेला आणि वीस-तीस मेलच्या आत धागा असलेला पॅच घ्या. विषय तुमच्या वापरातला हवा. रोज पार्टिशनिंग वापरत असाल तर पार्टिशनिंगचाच घ्या, कारण कोणते प्रसंग खरे येतात ते तुम्हाला लेखकापेक्षा जास्त ठाऊक असतं. चार वर्षं चाललेला, दोनशे मेलांचा पॅच पहिल्याच झटक्यात उचलू नका. नुसतं वाचण्यातच महिना जाईल.

नीलपंखी:
बिल्डबद्दल लिहिते, कारण बहुतेकांचा पहिला शनिवार तिथेच वाया जातो.

दोन वेगळ्या डिरेक्टरीत दोन बिल्ड ठेवा. एक तपासणीचा: कॅसर्ट (कोडमधल्या असर्ट तपासण्या) चालू, डीबग माहिती चालू, ऑप्टिमायझेशन बंद. दुसरा वेग मोजण्यासाठी: कॅसर्ट बंद, ओ-टू. मेसन ही बिल्ड प्रणाली पोस्टग्रेसच्या आवृत्ती १६ पासून आहे, जुनं कॉन्फिगर-मेकही चालतं. नव्याने सुरू करताय तर मेसनच घ्या.

कुठे अडतं:
आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या डेव्हलपमेंट फाइल्स नसतील तर कॉन्फिगर तिथेच थांबतं, कारण १६ पासून आयसीयू गृहीत धरलेलं आहे. 'विदाउट-आयसीयू' देऊन पुढे जाता येतं, पण मग तेवढ्या टेस्ट गळतात. त्यापेक्षा पॅकेज टाका.
डॉकरमध्ये रूट म्हणून टेस्ट चालवल्या तर इनिटडीबी (डेटा डिरेक्टरी तयार करणारी कमांड) नकार देतं. सर्व्हर रूटखाली चालतच नाही. साधा वापरकर्ता बनवा.
टॅप टेस्टना (पर्लमध्ये लिहिलेल्या टेस्ट) पर्लचं 'आयपीसी-रन' हे मॉड्यूल लागतं. ते नसेल तर मेसन नुसता एक इशारा छापून त्या टेस्ट गाळून टाकतं, शेवटी सगळं हिरवं दिसतं आणि रेप्लिकेशनची एकही टेस्ट चाललेली नसते. कॉन्फिगर वापरत असाल तर 'इनेबल-टॅप-टेस्ट्स' स्वतः द्यावं लागतं. मेसनच्या आउटपुटमध्ये टॅपबद्दल काय लिहिलंय ते एकदा डोळ्यांनी बघाच.
मेक वापरणाऱ्यांसाठी: 'इनेबल-डिपेंड' दिलं नाहीत तर हेडर बदलल्यावर त्यावर अवलंबून असलेल्या फाइल्स पुन्हा कंपाइल होत नाहीत. स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढतं, अर्धे ऑब्जेक्ट जुन्या मापाचे राहतात आणि मग असा क्रॅश मिळतो ज्याला कोडमध्ये कारणच नसतं. असा 'बग' लिस्टवर कळवलात की पहिला प्रश्न येतो, 'मेक क्लीन केलं होतं का?'

पॅच लावल्यावर जुनी डेटा डिरेक्टरी उघडत नसेल तर घाबरू नका. कॅटलॉगचा (डेटाबेसच्या अंतर्गत सूचीचा) आवृत्ती क्रमांक बदललेला असतो. पुन्हा इनिटडीबी.

रात्रपाळी:
वाचनखूण साठवली. नीलपंखी, सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून पुन्हा वापरणारं साधन) राहिलं. शाखा बदलून वारंवार बिल्ड करणाऱ्याला त्याशिवाय गत्यंतर नाही.

शून्यसूचक:
बिल्ड झाला, टॅप टेस्ट खरंच गळल्या होत्या, धन्यवाद. आता तपासणीत नेमकं काय बघायचं? ऑफिसातल्या कोड रिव्ह्यूसारखं ओळीओळीवर शेरे मारायचे का?

तिसरा_कंस:
ते सर्वात शेवटी.

पहिला प्रश्न: हे हवंय का? धागा पहिल्या मेलपासून वाचा. एखाद्या जुन्या कमिटरने तिसऱ्याच मेलमध्ये 'हा मार्गच चुकीचा' म्हटलेलं असतं आणि लेखक त्याला वळसा घालून व्ही ७ पर्यंत, म्हणजे पॅचच्या सातव्या आवृत्तीपर्यंत, आलेला असतो. एवढं दाखवून दिलंत तरी तपासणी सार्थकी लागली.

मग पॅच लावा. कोणत्या कमिटवर लावला ते टिपून ठेवा. टेस्ट चालवा. आणि मग लेखकाच्या टेस्ट बाजूला ठेवून स्वतःच्या चालवा. त्याने साध्या टेबलवर करून पाहिलंय, तुम्ही पार्टिशन केलेल्यावर करा. टेम्पररी टेबल, व्ह्यू, फॉरेन टेबल, सगळे नल असलेला कॉलम, शून्य ओळी, अधिकार नसलेला वापरकर्ता. नवी वाक्यरचना आणली असेल तर ती वापरून वस्तू बनवा, पीजी-डंप या बॅकअपच्या साधनाने काढा, रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा आणि पुन्हा डंप घेऊन दोन्हींची तुलना करा. पीजी-डंप विसरणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. त्याच्या पाठोपाठ पीएसक्यूएल या टर्मिनलच्या क्लायंटमधलं टॅब-कम्प्लिशन.

डिस्कवरचं काही बदलत असेल तर मधेच 'इमीजिएट' पद्धतीने सर्व्हर बंद करून पुन्हा उठवा. स्टँडबाय (प्रतिकृती सर्व्हर) जोडून 'वॉल-कन्सिस्टन्सी-चेकिंग' ऑलवर ठेवा. लिहिलेलं पान आणि लॉगमधून परत बांधलेलं पान जुळलं नाही तर स्टँडबाय तिथेच ओरडून थांबतो. 'डीबग-डिस्कार्ड-कॅशेस' १ करून नव्या टेस्टपुरतंच चालवा. भयंकर मंद होतं, पण कॅशमधल्या नोंदीचा पॉइंटर कोणी हातात धरून बसलं असेल तर इथे सापडतं.

कोड वाचताना अनुभवाचा उपयोग खरा होतो तो अशा ठिकाणी: लांब लूपमध्ये 'चेक-फॉर-इंटरप्ट्स' नाही, म्हणजे वापरकर्त्याने क्वेरी रद्द केली तरी थांबणार नाही. बफरचं लॉक हातात असताना वापरकर्त्याने लिहिलेलं फंक्शन बोलावलंय. स्पिनलॉकच्या आत मेमरी मागितलीय. पीजी-ट्रायच्या आत बदललेलं चल कॅचमध्ये वाचलंय पण व्होलाटाइल केलेलं नाही. इथली चूक-हाताळणी लाँगजंपवर चालते, त्यामुळे सी-प्लस-प्लसमधून येणाऱ्यांना डिस्ट्रक्टर आहेत अशा भ्रमात राहता येत नाही. मेमरी काँटेक्स्ट मेमरी सोडवतो. बाकी कशाची सफाई रिसोर्स ओनरकडे नोंदलेली नसेल तर ती गळते.

चुकीच्या संदेशांचीही शैली ठरलेली आहे. मुख्य संदेश लहान अक्षराने सुरू, शेवटी पूर्णविराम नाही. डिटेल आणि हिंट मात्र पूर्ण वाक्यं, पूर्णविरामासकट. 'कॅनॉट' म्हणजे हे कधीच होऊ शकत नाही, 'कुड नॉट' म्हणजे या वेळी जमलं नाही. किरकोळ वाटेल, पण यावरून मेल होतात.

मेल असा लिहा: व्ही ४ अमुक कमिटवर लावला, सगळ्या टेस्ट पास. पार्टिशन केलेल्या टेबलवर खालच्या चार ओळी चालवल्या की असर्ट फुटतो. खाली एसक्यूएल, खाली बॅकट्रेस. मग डिझाइनबद्दलचा एखादा प्रश्न. स्पेलिंगच्या चुका तळाशी एकत्र. नुसत्या स्पेलिंगचा मेल पाठवला तर कोणी रागवत नाही, पण कोणी लक्षातही ठेवत नाही.

काम बाकी असेल तर नोंद 'वेटिंग ऑन ऑथर' करा. 'रेडी फॉर कमिटर' करताना हात आवरा. तुमच्या नावावर कोणीतरी पॅच आत घेणार आहे अशा भावनेने ते बटण दाबायचं. घाईने दाबलेलं लोकांच्या लक्षात राहतं.

उंबरठा:
जोडायच्या फाइल्सबद्दल एक भर. कमिटफेस्टला जोडलेला सीएफबॉट नावाचा स्वयंचलित प्रकार धाग्यातल्या शेवटच्या मेलमधले पॅच उचलतो आणि लिनक्स, विंडोज, मॅकवर बिल्ड करून बघतो. तुम्ही रिव्ह्यूसोबत 'अशी दुरुस्ती करता येईल' म्हणून छोटी फाइल पॅच एक्स्टेन्शनने जोडलीत की बॉट मूळ पॅच सोडून तुमचंच उचलतो, ते लागत नाही आणि लेखकाची नोंद लाल होते. अशी फाइल टीएक्सटी एक्स्टेन्शनने जोडा. लेखक असाल तर याच कारणाने प्रत्येक वेळी पूर्ण संच पाठवायचा. ०००१ बदलला नाही म्हणून नुसता ०००२ पाठवणं चालत नाही.

उत्तर द्यायचं ते संबंधित ओळींच्या खाली, रिप्लाय-ऑलने, साध्या मजकुरात. वर उत्तर आणि खाली अख्खी शेपूट असा ऑफिसचा थाट तिथे खपत नाही.

ओसाड_माळ:
सगळं ठीक, पण हे फुकटचं क्यूए (गुणवत्ता-चाचणी) झालं की. पंधरा वर्षं सी लिहिणाऱ्याने दुसऱ्याचे पॅच लावून टेस्ट चालवायच्या? नाव ना गाव.

तिसरा_कंस:
नाव असतं. कमिटच्या संदेशात 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून येतं, चर्चेच्या दुव्यासह, कायमचं. नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्सच्या शेवटी हातभार लावणाऱ्यांची यादी असते, तीत तपासणारेही असतात. आणि पुढे तुमचा स्वतःचा पॅच आला की तो कोण उघडून बघणार? ज्याचा पॅच तुम्ही मनापासून तपासला होता तो. हा व्यवहार उघड आहे, लाजायचं कारण नाही.

'क्यूए' शब्दाला हरकत आहे. स्पिनलॉकमध्ये मेमरी मागितलेली ओळखणं हे टेस्ट चालवून होत नाही.

नीलपंखी:
ओसाड_माळ, ओळख लवकर मिळत नाही हे खरं, पण ती लवकर मिळावी का हाही प्रश्न आहे. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण आठवा. एका नावाने दोनेक वर्षं सभ्यपणे पॅच दिले, दुसरीकडून थकलेल्या मूळ मेंटेनरवर 'काम हळू चाललंय, कोणालातरी अधिकार द्या' असा मेलमधून दबाव आला, अधिकार मिळाले, आणि ५.६.० व ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवला गेला. २९ मार्च २०२४ ला ते जाहीर केलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी, आणि ते पोस्टग्रेसचेच कमिटर. पोस्टग्रेससाठी वेग मोजताना यंत्र शांत हवं म्हणून बघत होते, तर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खातंय हे दिसलं. म्हणजे आपण ज्याला रटाळ मोजमाप म्हणतो त्यातूनच ते बाहेर आलं.

ओसाड_माळ:
आंद्रेसचा मुद्दा मान्य. पण मग एआयकडून तपासणी करून घेतली तर? दहा पॅच एका संध्याकाळी.

उंबरठा:
दहा मेल एका संध्याकाळी, आणि अकरावा तुमच्याकडून कोणी वाचणार नाही. अशा मेलची खूण एकच: सगळं सफाईदार, पण चालवून बघितल्याचा एकही पुरावा नाही. एसक्यूएल नाही, बॅकट्रेस नाही. साधन म्हणून वापरा, शंका काढायला बरं आहे. पण मेलमध्ये जाईल ते तुमच्या यंत्रावर घडलेलंच असू द्या.

रात्रपाळी:
वेग मोजण्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. 'माझ्या यंत्रावर ८ टक्के सुधारणा' असले मेल लेखक रोज टाकतात. अनुभवी माणसाने तो आकडा स्वतंत्रपणे काढून दिला तर त्याला सोन्याची किंमत आहे.

पहिली चूक: कॅसर्टच्या बिल्डवर मोजणं. असर्टचाच वेळ मोजला जातो. नीलपंखींनी दोन बिल्ड सांगितले ते यासाठी.

दुसरी: पीजीबेंच या वेग मोजायच्या साधनाचा स्केल. स्केल १ म्हणजे अकाउंट्स टेबलमध्ये १ लाख ओळी. १०० घेतलात तर १ कोटी ओळी, साधारण दीड जीबी. पण ब्रँचेस टेबलमध्ये स्केलइतक्याच ओळी असतात आणि नेहमीचा व्यवहार दर वेळी त्यातली एक बदलतो. स्केल १० आणि क्लायंट ६४ ठेवलेत तर ६४ जण १० ओळींवर भांडतात, आणि तुम्ही पॅच नाही, रांग मोजता. स्केल क्लायंटपेक्षा मोठाच हवा.

तिसरी: शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) मुळात १२८ एमबी असतात, तसेच ठेवणं. सगळा डेटा मेमरीत बसवून मोजायचाय की डिस्कसकट, हे आधी ठरवा आणि मेलमध्ये लिहा. लिहिण्याचा पॅच असेल तर मॅक्स-वॉल-साइज वाढवा, नाहीतर एका फेरीत मधेच चेकपॉइंट येतो, दुसरीत येत नाही, आणि त्या फरकालाच लोक सुधारणा म्हणतात.

पद्धत: मास्टर (पॅच न लावलेली मूळ शाखा), पॅच, मास्टर, पॅच असं आलटूनपालटून. पाच पाच फेऱ्या, प्रत्येक निदान काही मिनिटांची, मधला आकडा द्या आणि सगळे आकडेही द्या. आधी पाच मास्टर आणि मग पाच पॅच केलेत तर लॅपटॉप तापल्याचा तोटा सगळा पॅचच्या माथी. एक-दोन टक्क्यांच्या फरकावर विश्वास ठेवू नका. नुसतं कोड बायनरीत इकडचं तिकडे सरकल्यानेही तेवढं हलतं.

चांगल्या प्रसंगात किती सुधारतं हे लेखकाने दाखवलेलंच असतं. तुम्ही वाईट प्रसंग शोधा: ज्याला या सोयीची गरज नाही त्या साध्या क्वेरीला किती भुर्दंड पडतो? बहुतेक पॅच अडतात ते याच प्रश्नावर.

शून्यसूचक:
रात्रपाळी, हे कुठेतरी कायमचं चिकटवून ठेवायला हवं. एक वेगळीच शंका: कंपनीची परवानगी लागते का? करारात 'नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व काही कंपनीचं' छाप कलम आहे.

उंबरठा:
लागते, आणि लेखी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ चा (क): नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, उलट करार नसेल तर. 'ओघात' म्हणजे काय यावर वाद घालता येतो, पण तुमच्या करारातलं कलम त्याहून रुंद असलं तर वादालाही जागा राहत नाही. तुमचं रोजचं काम डेटाबेसचंच आहे, म्हणजे तर जास्तच जपा.

मॅनेजरशी चहावर झालेलं बोलणं परवानगी नव्हे. एचआर किंवा लीगलला मेल करा: प्रकल्पाचं नाव, त्याचा परवाना (पोस्टग्रेसक्यूएल परवाना, बीएसडीच्या जातीचा), वेळ ऑफिसबाहेरचा, यंत्र स्वतःचं, कंपनीचा कोड किंवा गोपनीय माहिती वापरणार नाही. 'हरकत नाही' एवढं उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. पोस्टग्रेसला वेगळा सीएलए (योगदान देणाऱ्याचा परवाना-करार) भरावा लागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ लिहून तुम्ही हमी देता की हा कोड द्यायचा हक्क मला आहे. इथे ती ओळ नाही, पण जबाबदारी तीच.

पत्ता खासगी वापरा. कंपनीच्या मेलखाली 'हा संदेश गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करा' असं आपोआप चिकटतं, आणि ते जगभरच्या सार्वजनिक संग्रहात जातं. संग्रहातला मेल नंतर काढून मिळत नाही. म्हणून मेलमध्ये ग्राहकाच्या टेबलांची नावंसुद्धा टाकू नका.

नीलपंखी:
तपासणीचा कंटाळा आला तर दुसरं काम आहे: बग पुन्हा घडवून दाखवणं. ट्रॅकर नाही हे खरं. 'पीजीएसक्यूएल-बग्स' लिस्ट आहे, फॉर्म भरला की क्रमांक मिळतो, पण त्या क्रमांकाला उघडा-बंद अशी अवस्था नसते. कोणी उचललं नाही की ते खाली खाली जातं. कळवणाऱ्याने दोनशे ओळींची प्रोसीजर चिकटवलेली असते. ती दहा ओळींवर आणा, मुळातल्यापेक्षा वेगळी सेटिंग कोणती लागते ते शोधा, आणि आधाराखाली असलेल्या आवृत्त्यांपैकी कुठे घडतं ते सांगा. आधार पाच वर्षांचा, म्हणजे एका वेळी पाच शाखा.

पुढची पायरी गिट बायसेक्ट, म्हणजे कमिटांची यादी अर्धी अर्धी करत दोषी कमिट शोधणं. दोन हजार कमिटमधून अकराच पायऱ्या. पण पोस्टग्रेसमध्ये तीन ठिकाणी पाय घसरतो.

दर पायरीला इनिटडीबी करा. मधल्या कमिटांमध्ये कॅटलॉग बदललेला असतो, जुनी डिरेक्टरी उघडणार नाही आणि ते तुम्ही 'बग आहे' असं मोजाल.
पीएसक्यूएलला 'ऑन-एरर-स्टॉप' द्या. नाहीतर स्क्रिप्टमध्ये एसक्यूएल चुकलं तरी तो ० घेऊनच बाहेर पडतो आणि बायसेक्टच्या मते सगळंच चांगलं. ते दिलं की चुकीला ३, आणि सर्व्हर कोसळून जोडणी तुटली तर २ मिळतो. दोन्ही 'वाईट' म्हणून बरोबर मोजले जातात.
बिल्डच झाला नाही तर १२५ परत करा, म्हणजे ते कमिट वगळलं जातं. १२७ च्या वरचा आकडा गेला तर बायसेक्टच थांबतो. सेगफॉल्टचा १३९ तसाच बाहेर पडू दिला की हे हमखास होतं.

दोषी कमिट सापडला की त्याच्या लेखकाला आणि कमिटरला सीसी करून लिहा. आरोपाच्या सुरात नको. बऱ्याचदा तो कमिट जुना बग उघडा पाडतो एवढंच.

(लिबरऑफिसवाल्यांकडे यासाठी आधीच बिल्ड केलेल्या बायनरींच्या रेपॉझिटरी असतात, बिबिसेक्ट म्हणतात. कंपाइल न करता कोणीही शोधू शकतं. हेवा वाटतो.)

मावळतीचा_वारा:
मराठी माणसाला इथे एक जागा जवळची आहे. कोलेशन, म्हणजे मजकुराचा क्रम लावायचे नियम. आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर येतो, मग क्ष, ज्ञ. युनिकोडच्या क्रमांकात ळ ल-च्या लगेच पुढे आणि व-च्या आधी. त्यामुळे सी कोलेशनमध्ये 'काळा' 'कावळा'च्या आधी लागतो, शब्दकोशात नंतर. आयसीयूसकट बिल्ड केलेल्या सर्व्हरवर 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन असतं. हीच जोडी आणि 'क्षमा', 'खडू', 'हळद' असे शब्द टाकून ऑर्डर-बाय करून बघा.

कामाचा मुद्दा पुढे आहे. कोलेशन बदललं की मजकुरावरचे इंडेक्स नासतात. ऑगस्ट २०१८ च्या जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मध्ये क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेबियन १० किंवा रेड हॅट ८ वर जाताना डेटा डिरेक्टरी तशीच उचलून नेलेल्यांच्या क्वेऱ्या असलेल्या ओळी 'नाहीत' म्हणू लागल्या, युनिक इंडेक्स असून दुहेरी नोंदी शिरल्या. इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोध नव्या क्रमाने, म्हणून. 'अमचेक' एक्स्टेन्शनने तपासायचं आणि रीइंडेक्स करायचं. आवृत्ती १७ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नसलेला अंगभूत प्रोव्हायडर आला तो याच दुखण्यावर. तो क्रम कोड पॉइंटचा, म्हणजे काळा-कावळा तिथे आपल्याला हवा तसा लागणार नाही, पण इंडेक्स नासत नाही.

या भागातल्या पॅचना देवनागरीच्या टेस्ट देणारे हात फार थोडे. जोडाक्षरं, नुक्ता, ऱ्ह आणि र्ह मधला फरक, यातलं काय तुटतंय हे आपल्याला वाचताक्षणी दिसतं. फक्त टेस्ट मुख्य फाइलमध्ये घालू नका. आयसीयू आणि यूटीएफ-८ नसेल तर वगळली जाणारी वेगळी फाइल आहे, तिथे घाला, नाहीतर अर्ध्या जगात टेस्ट लाल होतील.

रात्रपाळी:
घरी एखादं विचित्र यंत्र पडून असेल तर बिल्डफार्मही आहे. पर्लचा क्लायंट क्रॉनमध्ये लावायचा, तो नवं कमिट आलं की बिल्ड करून निकाल कळवतो. प्रत्येक सदस्याला प्राण्याचं नाव मिळतं. साध्या इंटेल-लिनक्सची तिथे कमी नाही. वेगळा प्रोसेसर, वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम किंवा वेगळा कंपायलर असेल तरच अर्थ आहे. आणि लाल झालं की बघायची तयारी हवी. महिनोन्महिने उगाच लाल असलेलं यंत्र म्हणजे कटकट.

शून्यसूचक:
सगळं टिपून घेतोय. शेवटचा प्रश्न: दोन-तीन तपासण्या झाल्यावर स्वतःचा पॅच टाकताना काय सांभाळायचं?

तिसरा_कंस:
कोडच्या आधी मेल: अडचण काय, कसं सोडवणार, कोणते दुसरे मार्ग का सोडले. दोन हजार ओळी लिहून मग 'कसं वाटतं?' विचारणं म्हणजे घर बांधून झाल्यावर नकाशा मंजुरीला नेणं.

फोडून द्या. ०००१ मध्ये नुसती मांडामांड, वर्तन न बदलता. ०००२ मध्ये नवी गोष्ट. ०००१ कधीकधी एकटाच आत जातो आणि अर्धं ओझं उतरतं. गिट फॉरमॅट-पॅचला आवृत्ती क्रमांक द्या, म्हणजे फाइलचं नावच व्ही ३ ने सुरू होतं.

नवं अंगभूत फंक्शन असेल तर त्याचा ओआयडी (अंतर्गत ओळख क्रमांक) ८००० ते ९९९९ मधला घ्या. 'अनयूज्ड-ओआयडीज' स्क्रिप्ट सुचवते. ही जागा विकासातल्या पॅचसाठी राखलेली आहे, नंतर सगळे एकदम खाली हलवतात. कॅटलॉगचा आवृत्ती क्रमांक मात्र तुम्ही बदलू नका, ते कमिटर करतो. तुम्ही बदललात तर दर दोन दिवसांनी पॅच मास्टरशी भिडणार. रिलीज नोट्सनाही हात लावायचा नाही. पीजी-इंडेंट (कोडची मांडणी सारखी करणारं साधन) चालवण्याआधी तुमचे नवे टाइप टाइपडेफच्या यादीत घाला, नाहीतर ते पॉइंटरच्या ताऱ्याभोवती विचित्र मोकळी जागा सोडतं.

टेस्टमध्ये ऑर्डर-बाय विसरू नका, एक्सप्लेन दाखवत असाल तर कॉस्ट्स बंद, आणि 'दोन सेकंद थांबा मग बघा' अशी टेस्ट तर अजिबात नको. बिल्डफार्मवरच्या एखाद्या मंद प्राण्याला दोन सेकंद पुरत नाहीत.

मग शांतता. तीन आठवडे कोणी काही बोलणार नाही. हा नकार नव्हे. पॅच मास्टरवर पुन्हा बसवून नवी आवृत्ती पाठवा, सोबत एखादा नवा आकडा किंवा टेस्ट द्या. नुसतं 'पिंग' लिहिण्यापेक्षा त्याने जास्त काम होतं. 'रिटर्न्ड विथ फीडबॅक' झालं तर तेही नकार नव्हे, पुढच्या कमिटफेस्टला पुन्हा नोंद करता येते. 'रिजेक्टेड' म्हणजे मात्र नकारच.

ओसाड_माळ:
तर मीही एक उचलून बघतो, पार्टिशनिंगचाच. पॅच डाउनलोड केला आणि पहिल्याच ओळीवर लागत नाही म्हणतोय. मास्टर आजचाच आहे, सीएफबॉट हिरवा.

नीलपंखी:
विंडोजवर उतरवून मग डब्ल्यूएसएलमध्ये नेलात का? ओळींचे शेवट बघा, सीआर-एलएफ झाले असतील. तसं नसेल तर संच क्रमाने लावलात का ते पाहा, ०००२ आधी लावला तरी हेच होतं. दोन्ही ठीक असेल तर गिट एएमला 'थ्री-वे' देऊन पुन्हा करा आणि काय म्हणतोय ते इथे टाका.

ओसाड_माळ:
सीआर-एलएफच होतं. लागला. टेस्ट चालू केल्यात.